सुई, दोरा आणि गाठ

गेल्या पावसाळ्यात आमच्या टीममध्ये नुकतीच रुजू झालेली एक मुलगी माझ्या शेजारी बसून युनिक्स या संगणकप्रणालीच्या आज्ञा शिकत होती. फायलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही आज्ञा तिला येत होती. त्या आज्ञेची सविस्तर माहिती हवी असेल तर 'मॅन एलएस' असं टाइप कर, एवढंच मी सांगितलं. काळ्या पडद्यावर मजकूर उमटला आणि सगळ्यात वरच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात आणि उजव्याही, दिसलं : 'एलएस(१)'. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "मॅम, हा कंसातला एक कसला?"

तो एका छापील पुस्तकातल्या विभागाचा क्रमांक आहे. 'युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल' हे ते पुस्तक. त्याच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ते तयार केलं आणि त्याचे सात विभाग पाडले. पहिल्या विभागात आज्ञा, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात सबरूटीन, अशी ती वाटणी. सुरुवातीला हे क्रमांक रोमन अंकांत छापले जात, पुढे साधे अंक आले. क्रमांक लागतो तो एकच नाव दोन विभागांत येऊ शकतं म्हणून. 'प्रिंटएफ' नावाची आज्ञा पहिल्या विभागात आहे आणि सी भाषेतलं त्याच नावाचं फंक्शन तिसऱ्यात. कुठलं हवं ते कंसातला आकडा सांगतो. आज या आज्ञा वापरणाऱ्या बहुतेकांनी ते पुस्तक डोळ्यांनी पाहिलेलंही नाही. तरी पन्नासहून अधिक वर्षांनी, पुण्यातल्या एका मुलीच्या पडद्यावर त्या पुस्तकाचा विभाग उमटतो. आणि 'मॅन' ही आज्ञा तरी काय, 'मॅन्युअल' या शब्दाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं.

तिला उत्तर मिळालं, ती पुढे गेली. मी मात्र त्या शब्दापाशीच अडकले.

मॅन्युअल म्हणजे हाताचं. लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. मध्ययुगात धर्मविधी करणारे धर्मगुरू हाती धरून वापरत त्या छोट्या पुस्तकाला हा शब्द लागला. त्याआधी ग्रीकांकडे याच अर्थाचा 'एन्केरिडिऑन' होता. 'केइर' म्हणजे हात, म्हणून हातात मावेल ते. एपिक्टेटस या तत्त्वज्ञाची शिकवण त्याचा शिष्य एरियन याने ज्या छोट्या पुस्तकात उतरवली, त्याचं नाव हेच आहे. ग्रीकमध्ये या शब्दाचा दुसरा अर्थ खंजीर असाही होतो. वेळ येईल तेव्हा चटकन हाती यावं, हा दोन्हींचा गुण. आपल्याकडे एखादी गोष्ट लख्ख कळली की ती हस्तामलकवत् झाली म्हणतात, तळहातावरच्या आवळ्यासारखी. समजणं आणि हातात असणं यांचं नातं आपल्याही भाषेने फार पूर्वी ओळखलं आहे.

हाताची ही गोष्ट इथे संपत नाही. सॉफ्टवेअरच्या जगात 'डॉक्युमेंटेशन' म्हणतात त्याला मराठीत आपण 'दस्तऐवजीकरण' हा शब्द घडवला. बोलायला तो जड आहे, पण त्याच्या पोटातही हातच आहे. संस्कृत 'हस्त', अवेस्ता भाषेतला 'झस्त' आणि जुन्या फारसीतला 'दस्त' ही सख्खी भावंडं. एकाचा प्राकृतातून 'हत्थ' होत आपला 'हात' झाला, दुसरा राज्यकारभाराबरोबर फारसीतून आला आणि दरबारात, कचेरीत, कागदाच्या दुकानात जाऊन बसला. मूठभर कागदांचा तो दस्ता. चोवीस कागदांचा एक दस्ता आणि वीस दस्त्यांचं एक रीम, हे कोष्टक शाळेत पाठ केलेले वाचक अजून असतील. 'दस्तावेज' म्हणजे हाती धरायचा कागद, पुरावा म्हणून दाखवायचा. मराठी कानाला त्याच्या शेपटीत 'ऐवज' ऐकू आला असावा, आणि शब्द आपलासा होऊन बसला.

पण याच ठिकाणी मला एक अडचण जाणवते. 'डॉक्युमेंट' या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या 'डोकेरे' या क्रियापदात आहे, आणि डोकेरे म्हणजे शिकवणे. 'डॉक्टर' हा मुळात शिकवणारा, आणि 'डोकुमेंतुम' म्हणजे धडा. त्याला पुराव्याचा अर्थ पुढे चिकटला. आपण भाषांतर करताना पुरावा तेवढा उचलला. 'दस्त' म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दुय्यम निबंधकाचं कार्यालय येतं, मुद्रांक, अंगठे, साक्षीदार. शिक्षक येत नाही. आणि मी गेली कित्येक वर्षं पाहते आहे की कंपन्यांमध्ये डॉक्युमेंटेशन लिहिलं जातं तेही याच वृत्तीने. काम झाल्याची नोंद हवी, ऑडिटला दाखवायला फाइल हवी, म्हणून. ते वाचून कुणीतरी काही शिकणार आहे, ही जाणीव ते लिहिताना नसते. शब्दाने सवय लावली की सवयीने शब्द निवडला, हे ठरवणं कठीण आहे. पण दोघांची जोडी पक्की जमली आहे.

आता दुसरी बाजू. 'डिजिटल' हा शब्द आला 'डिजितुस'वरून, आणि लॅटिनमध्ये डिजितुस म्हणजे बोट. माणूस बोटांवर मोजतो म्हणून अंकाला बोटाचं नाव मिळालं. गणनयंत्रांच्या संदर्भात हा शब्द रुळवण्याचं श्रेय जॉर्ज स्टिबिट्झ या गणितज्ञाला देतात. १९४२ साली त्यांनी तो सुचवला, आणि तेही बेल लॅब्सचेच. म्हणजे छापील मॅन्युअल हे हाताचं आणि डिजिटल डॉक्युमेंटेशन हे बोटाचं. शब्दांनीच वाटणी करून ठेवली आहे. बोटाचं काम दाखवणं, चाळणं, नेमकं ठिकाण गाठणं. हाताचं काम धरून ठेवणं. पुस्तकाच्या शेवटी येणाऱ्या इंडेक्सलाही बोटाचंच नाव आहे, लॅटिनमध्ये अंगठ्याशेजारचं बोट ते इंडेक्स. आपलं तेच बोट तर्जनी, म्हणजे दटावणारं.

आपल्याकडे इंडेक्सला 'सूची' म्हणतात. संस्कृतात सूची म्हणजे सुई. मराठी 'सुई' ही याच सूचीची प्राकृतातून आलेली लेक. आरपार जाऊन नेमकी जागा टोचते, म्हणून ती सुचवते, म्हणून ती सूची. आणि सुईजवळ दोरा हवाच. 'सूत्र' म्हणजे दोरा. 'सिव्' म्हणजे शिवणे, या धातूपाशी त्याचं मूळ मानतात. आणि 'ग्रंथ' म्हणजे बांधलेलं. 'ग्रंथि' म्हणजे गाठ, आपली 'गाठ' तिथूनच आली. ताडपत्रांना भोक पाडायचं, त्यातून दोरी ओवायची, वर-खाली लाकडी फळ्या ठेवून गाठ मारायची, की झाला ग्रंथ. पानाला पान का म्हणतो तेही इथेच कळतं. ते खरोखर झाडाचं पर्ण होतं. कागद आल्यावर दोरी गेली आणि आपल्या पोथ्यांची पानं सुटी झाली, तरी प्रत्येक पानावर क्रमांक राहिला आणि सगळ्यांना एकत्र धरायला बासन राहिलं.

सुई, दोरा आणि गाठ. सूची, सूत्र आणि ग्रंथ. ज्ञान कसं ठेवावं याचे तिन्ही शब्द आपल्या भाषेने शिवणकामातून घेतले. छापील पुस्तक आणि पडद्यावरची माहिती यांच्यातला फरक मला या तीन शब्दांइतका नीट दुसऱ्या कशातूनही उलगडलेला नाही.

फरक कागदाचा आहे असं आपण म्हणतो. पण कागद हा या प्रवासातला एक मुक्काम आहे. 'पुस्तक' हा शब्द कातडं या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दावरून आला, असं बरेच अभ्यासक मानतात. फारसीत अजूनही 'पोस्त' म्हणजे कातडी. 'दफ्तर' हा ग्रीक 'दिफ्थेरा'चा वंशज, त्याचाही अर्थ कमावलेलं कातडं. पाठीवर दप्तर घेऊन जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर शब्दशः कातडंच असतं. लॅटिनमध्ये झाडाच्या आतल्या सालीला 'लिबेर' म्हणत, त्यावरून लायब्ररी. प्रोग्रामर दिवसभर ज्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार प्रोग्रामांचे संच, वापरतो त्यांच्या नावात झाडाची साल आहे. आणि खुद्द 'कोड'? तो 'कोडेक्स'वरून आला. कोडेक्स म्हणजे आधी झाडाचा बुंधा, मग लाकडी पाट्यांची चळत, मग पानं एका कडेला बांधलेलं पुस्तक, मग कायद्यांचं पुस्तक, मग सांकेतिक लेखन. कोड लिहिणारा प्रत्येक जण, शब्दाच्या हिशेबाने, पुस्तकच लिहीत असतो. ताडपत्र, भूर्जपत्र, कातडं, कागद, काच, असं ज्ञानाने पुष्कळदा घर बदललं. दर वेळी प्रश्न एकच होता, की सामान हलवताना दोरा आणि गाठ बरोबर आली का?

दोऱ्याचं काम काय, हे पाणिनीकडून शिकावं. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथात सुमारे चार हजार सूत्रं आहेत आणि ती कमालीची आखूड आहेत. त्या आखूडपणाचं एक रहस्य म्हणजे अनुवृत्ती. आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात पुन्हा लिहायचा नाही. तो आपोआप पुढे वाहत येतो असं समजायचं. घरात आई सांगते, दूध तापव, मग कोमट होऊ दे, मग विरजण घाल. तिसऱ्या वाक्यात दुधाचं नाव नाही. पहिलं वाक्य ऐकलेल्याला ते लागतही नाही. पण कुणी मधूनच येऊन फक्त 'विरजण घाल' एवढं ऐकलं, तर तो कशात घालेल? सूत्र एकटं काढून वाचलं तर तसंच होतं. अर्थ त्याच्या आत जितका असतो तितकाच त्याच्या आधी असतो.

शोधयंत्राने एखाद्या पानावर येऊन पडणाऱ्या प्रोग्रामरची हीच अवस्था असते. पान चुकीचं नसतं. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असतं. पण ते लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की वाचणारा आधीच्या तीन पानांवरून आला आहे. तो आलेला असतो आकाशातून. सुईने त्याला नेमक्या जागी टोचून आणलं, पण सुईच्या नेढ्यात दोरा नव्हता. अनुवृत्ती तुटली.

याउलट ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक घ्या. १९७८ साली ते आलं. पहिल्याच प्रकरणात ते वाचणाऱ्याचं बोट धरून सगळ्या भाषेतून एक फेरी मारून आणतात, मग एकेका भागाकडे सावकाश वळतात, आणि मागे परिशिष्टात भाषेचे काटेकोर नियम देतात. पुढचा भाग शिकण्यासाठी, मागचा शोधण्यासाठी, आणि दोन्ही एकाच बांधणीत. माझी प्रत अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत मिळाली, भारतीय स्वस्त आवृत्तीतली, पिवळट कागदाची. आधीच्या मालकाने पॉइंटर या किचकट संकल्पनेच्या प्रकरणात समासात पेन्सिलीने छोटे छोटे चौकोन आणि बाण काढले आहेत. पुढच्या पानांवर चौकोन कमी होत जातात आणि प्रकरणाच्या शेवटी एकही नाही. त्याला पॉइंटर कुठल्या पानावर समजले ते मी बोट ठेवून सांगू शकते. मराठी मुलांच्या दोन पिढ्या सी अशाच शिकल्या, कुणी या पुस्तकातून, कुणी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'मधून. पहिल्या पानापासून, क्रमाने.

युनिक्सचं मॅन्युअल मात्र जन्मापासूनच बोटासाठी लिहिलेलं होतं. त्यातली प्रत्येक नोंद स्वतंत्र, विभागात अकारविल्हे लावलेली, आणि प्रत्येक नोंदीचा पृष्ठक्रमांक पुन्हा एकपासून सुरू. सलग वाचायचं ते पुस्तकच नव्हतं, म्हणून ते इतक्या सहजपणे पडद्यावर गेलं. पण ती माणसं शहाणी होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत पहिल्या खंडात या सुट्या नोंदी होत्या आणि दुसऱ्या खंडात सावकाश शिकवणारे लांब लेख. एक खंड बोटाला, एक हाताला.

दोऱ्यानंतर गाठ. गाठ म्हणजे इथे हे संपलं, हे असं ठरलं, आणि हे ठरवणारे आम्ही. छापील पुस्तकाच्या आरंभी असलेलं आवृत्तीचं पान ही त्याची गाठ. 'आवृत्ती' हा शब्द 'वृत्' म्हणजे वळणे, फिरणे या धातूवरून आला. इंग्रजी 'व्हर्जन'चं मूळ लॅटिन 'वेर्तेरे'त आहे, तेही वळणेच, आणि हे दोन्ही धातू मुळात एकच. 'अनुवृत्ती'ही याच घरातली. मराठीत पुस्तकाची आवृत्ती आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती यांना आपण एकच शब्द वापरतो. मला ते फार योग्य वाटतं.

गाठीचं हे महत्त्व मी किंमत मोजून शिकले. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाकडे आमची प्रणाली अडकली. एका लायब्ररीतलं एक फंक्शन कागदपत्रांत लिहिल्याप्रमाणे वागेना. आम्ही तिघं दोन रात्री जागलो. ऑनलाइन पान पुन्हा पुन्हा वाचलं, शब्दन् शब्द बरोबर. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने खणातून स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स काढली, त्याच लायब्ररीच्या जुन्या मॅन्युअलची. मुखपृष्ठावर ठसठशीत अक्षरांत आवृत्तीचा आकडा होता आणि आत त्या फंक्शनच्या दोन मूल्यांचा क्रम उलटा होता. ग्राहकाकडे जुनी आवृत्ती चालत होती, आम्ही वाचत होतो नव्या आवृत्तीचं पान. पडद्यावरच्या पानावरही आवृत्ती होती, एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात, खाली उघडणाऱ्या यादीत. तिघांपैकी कुणाचंच लक्ष तिकडे गेलं नव्हतं. त्या झेरॉक्सला गाठ होती, म्हणून ती खोटी ठरली नाही.

यावरून कुणी मला कागदाची भक्त ठरवू नये. ती झेरॉक्स का काढावी लागली होती? मूळ पुस्तक परदेशातून मागवण्याची ऐपत नव्हती म्हणून. आज नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला फोनवर जे मोफत वाचता येतं, ते आमच्या वेळी मुंबईतही मिळत नव्हतं. डोळ्यांनी दिसत नाही अशा प्रोग्रामरला स्क्रीन रीडर ते पान वाचून दाखवतो, छापील पुस्तक त्याच्यासाठी मुकंच होतं. आणि चूक? छापील पुस्तकातली चूक पुढच्या छपाईपर्यंत सगळ्यांच्या घरी तशीच राहते, फार तर शुद्धिपत्राची चिठ्ठी येते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ आपल्या पुस्तकांत चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत, इतकी त्यांना छापून गेलेली चूक खुपे. पडद्यावरची चूक दुपारी सापडली तर संध्याकाळी दुरुस्त होते. खुद्द वेबचा जन्मही याच गरजेतून झाला. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेला जो प्रस्ताव दिला, त्यात माणसं सोडून जातात आणि त्यांच्याबरोबर माहिती हरवते, हीच चिंता होती. 'वेब' म्हणजे विणलेलं. आपण त्याला जाळं म्हणालो. म्हणजे दोरे तिथे आहेत, भरपूर आहेत. पण जाळ्याला सुरुवातीचं टोक नसतं. कुठूनही आत शिरता येतं, आणि म्हणून कुठून शिरावं हे कुणीतरी सांगावं लागतं.

ते सांगणं हे माणसाचं काम आहे, आणि त्यासाठी कागद लागत नाही. आमच्या टीममध्ये आता डॉक्युमेंटेशनच्या प्रत्येक पानावर काही गोष्टी असल्याच पाहिजेत असा नियम आहे. हे वाचण्याआधी काय वाचावं, हा दोरा. कुठल्या आवृत्तीबद्दल आहे, कुठल्या तारखेला तपासलं आणि कुणी, ही गाठ. यातलं नवं काही नाही. १९७१ च्या त्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख होती. आज्ञेत काय उणीव आहे ते लिहायला 'बग्ज' या मथळ्याची जागा होती. आणि नोंदीच्या तळाशी 'ओनर' असा मथळा देऊन ज्याची जबाबदारी त्याचं नाव छापलेलं असे. केन यांची आज्ञा असेल तर केन. काही बिघडलं तर कुणाच्या दारात जायचं ते वाचणाऱ्याला कळत असे. पुढच्या आवृत्त्यांत 'ओनर' हा मथळा गळाला. माझ्या मते तो गळायला नको होता.

त्या मुलीने मागच्या महिन्यात तिचं पहिलं पान लिहून मला तपासायला पाठवलं. वर तारीख होती, आवृत्ती होती, आधी वाचायच्या दोन पानांचे दुवे होते. मधला मजकूर चांगला होता, थोडा घाईचा. खाली तिने दोन उणिवा प्रामाणिकपणे नोंदवल्या होत्या, त्यातली एक मलाही ठाऊक नव्हती. आणि अगदी तळाशी, कुणीही न सांगता, स्वतःचं नाव लिहिलं होतं.